समासाचा सांधा आणि सोलापूरचा ‘ल’ : मराठी सामासिक शब्दांतील अक्षरविभाग व आघात यांचा इतिहास

१

मराठी व्याकरणात समासाचा विचार प्राधान्याने अर्थाच्या अंगाने झाला. दोन पदे एकत्र आली की त्यांपैकी प्रधान कोणते, गौण कोणते, मधला कोणता प्रत्यय वा शब्द लोपला, याचा शोध घ्यावयाचा आणि विग्रह करून समासाचे नाव सांगावयाचे, ही रीत संस्कृत व्याकरणाकडून आली. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि तेथून शालेय पुस्तकांपर्यंत ती टिकली. या रीतीत एक प्रश्न मागे पडला. दोन पदांचा समास झाला, हे कानाला कसे कळते? लिहिताना पदे जोडली जातात. बोलताना त्यांचा सांधा कोठे राहतो, कोठे बुजतो आणि तो बुजल्याने शब्दाच्या अर्थाचे व इतिहासाचे काय होते?

हा प्रश्न केवळ ध्वनिशास्त्राचा नाही. ज्या संस्कृत परंपरेतून समासविचार आला, तिने त्याला अतिशय महत्त्व दिले होते. अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायाचा दुसरा पाद सामासिक शब्दांच्या स्वरालाच वाहिलेला आहे. ‘इंद्रशत्रु’ या शब्दाची कथा पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच सांगितली. अंत्य अक्षर उदात्त केले तर तत्पुरुष होऊन ‘इंद्राचा संहारक’ असा अर्थ होतो. पूर्वपदाचा स्वर राखला तर बहुव्रीही होऊन ‘इंद्र ज्याचा संहारक आहे तो’ असा. यज्ञात स्वर चुकला आणि ज्याने इंद्राला मारावयाचे तो वृत्र स्वतःच मारला गेला. मराठी वैयाकरणांनी या परंपरेतून समासांची नावे घेतली. स्वर मात्र घेतला नाही. मराठीत तसा स्वर उरला नसल्यामुळे ते स्वाभाविकही होते. परंतु स्वर गेल्यावर त्याचे काम कोणाकडे गेले, याचा शोध त्यांनी घेतला नाही.

२

प्रश्नाची मांडणी करतानाच एक अडचण येते. मराठीत ‘अक्षर’ या एकाच शब्दाने लिपीतील चिन्हाचाही बोध होतो आणि एका श्वासाघातात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिगटाचाही. संस्कृतात हे दोन्ही बहुधा जुळतात. मराठीत जुळत नाहीत. ‘करवत’ या शब्दात लेखनाक्षरे चार आहेत. उच्चाराक्षरे दोनच, कर् आणि वत्. शब्दान्तीचा ‘अ’ आणि दोन स्वरयुक्त अक्षरांच्या मध्ये सापडलेला ‘अ’ हे मराठीत निभृत होतात, म्हणजे लिहिले जातात पण उच्चारले जात नाहीत.

समासाचा सांधा ऐकू येतो तो येथेच. ‘आठवणी’ आणि ‘पाणवठा’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. लेखनात दोहोंचा आकृतिबंध एकच आहे : एक दीर्घ अक्षर, त्यानंतर दोन अकारयुक्त अक्षरे, शेवटी पुन्हा दीर्घ. उच्चारात मात्र ‘आठवणी’ची फोड आ-ठव्-णी अशी होते, तर ‘पाणवठा’ची पाण्-व-ठा अशी. पहिल्यात तिसऱ्या अक्षराचा ‘अ’ गेला, दुसऱ्यात दुसऱ्या अक्षराचा. कारण उघड आहे. ‘आठवणी’ हा अखंड शब्द असल्याने निभृत होण्याची क्रिया शेवटाकडून मागे येते. ‘पाणवठा’त पाणी या पदाचा अंत आधीच ठरलेला आहे, आणि ती क्रिया सांधा ओलांडून जात नाही. ‘लोकसभा’ या आधुनिक शब्दाचेही तसेच. लोक्-स-भा असेच कोणीही म्हणेल. ‘लोकस्-भा’ असे म्हणणारा मराठी भाषक भेटणे कठीण.

सारांश, जे काम वैदिक भाषेत स्वराकडे होते त्याचा एक भाग मराठीत निभृत अकाराने उचलला. मराठीत आघात आहे, पण तो सौम्य आहे. तो बहुधा गुरू अक्षराकडे झुकतो आणि केवळ त्याची जागा बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. समासाची ओळख आघातापेक्षा अक्षरविभागाने पटते.

या दृष्टीने नॉर्वेजियन भाषेशी तुलना उद्बोधक ठरते. त्या भाषेत समास मुबलक आहेत आणि ते सलग लिहिले जातात. पूर्वपदावर मुख्य आघात, उत्तरपदावर दुय्यम आघात आणि संपूर्ण शब्दावर एकच सुरावट, अशी तेथील व्यवस्था आहे. त्यामुळे दोन पदे सुटी आहेत की समासात आहेत, हे कानाला तत्काळ कळते. ‘धूम्रपानमुक्त’ या अर्थाचा शब्द तेथे कोणी फलकावर तोडून दोन शब्दांत लिहिला, तर ‘मोकळेपणाने धूम्रपान करा’ असा उलटा अर्थ निघतो, आणि ही चूक तेथे थट्टेचा विषय झालेली आहे. ओळीच्या शेवटी शब्द तोडतानाही समासाच्या सांध्यावर तोडण्याचा संकेत तेथे आहे. मराठी मुद्रणात असा संकेत रुजला नाही. ओळीत जागा संपली की ‘पाणव’ एका ओळीत आणि ‘ठा’ दुसऱ्या ओळीत टाकणाऱ्या खिळाजुळाऱ्याला चूक केल्यासारखे वाटत नसे, कारण त्याच्या हाती लेखनाक्षरे होती. उच्चाराक्षरांचा हिशेब त्याला कोणी शिकवला नव्हता.

३

सांध्याचा इतिहास पाहता मराठी समासांचे तीन थर दिसतात.

पहिल्या थरात सांधा पूर्णपणे बुजलेला आहे. कुंभकारचा कुंभार, लोहकारचा लोहार, चर्मकारचा चांभार, अंधकारचा अंधार, देवकुलाचे देऊळ, राजकुलाचे राऊळ. प्राकृत अवस्थेत दोन स्वरांमधील एकेरी व्यंजन गळाले. उत्तरपदाचा आद्य ‘क’ समासात स्वरमध्यस्थ झाल्याने तोही गळाला आणि दोन पदे एकमेकांत विरघळली. ‘देऊळ’ म्हणणाऱ्याला तेथे दोन पदे आहेत याची जाणीव उरत नाही.

दुसऱ्या थरात सांधा आहे, परंतु पूर्वपदाने त्यासाठी किंमत दिली आहे. पाणीचे पाणवठा, पाणचक्की. घोडाचे घोडदौड, घोडचूक. येथे पूर्वपदाचा अंत्य स्वर जाऊन ते व्यंजनान्त होते. तीळ, फूल यांचा दीर्घ स्वर तिळगूळ, फुलवात, फुलपाखरू यांत ऱ्हस्व होतो. ‘तिळगूळ’ हे उदाहरण विशेष बोलके आहे. तीळ आणि गूळ सुटे असताना दोघांचे वजन सारखे असते. समासात पूर्वपद हलके होते, उत्तरपद आपले वजन राखते. मराठी समासाचा तोल उत्तरपदाकडे झुकतो, याची खूण म्हणून या ऱ्हस्वत्वाकडे पाहता येते. नॉर्वेजियनमध्ये वजन पूर्वपदाकडे जाते. या थरातील मराठी समासांची प्रवृत्ती नेमकी उलटी आहे.

तिसऱ्या थरात दोन्ही पदे आपापले रूप राखून उभी असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात कापडाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या. ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली गेलेली गिरणी १८७७ सालची. या उद्योगाबरोबर जे शब्द तोंडी रुळले त्यांत ‘सूतगिरणी’ हा एक. सुती, सुतळी, सुताचा येथे ‘सू’ ऱ्हस्व होतो. ‘सूतगिरणी’त तो दीर्घच राहतो. तिळगूळच्या न्यायाने ‘सुतगिरणी’ व्हावयास हवे होते. ते झाले नाही, कारण नव्या वस्तूसाठी जोडलेल्या या शब्दात दोन्ही पदांची जाणीव ताजी होती. उलट ‘गिरणगाव’ या शब्दात गिरणीचा अंत्य ‘ई’ गेला आणि शब्द दुसऱ्या थराच्या वळणावर गेला. एकाच उद्योगातून आलेल्या या दोन शब्दांवरून दिसते की थर केवळ काळाने ठरत नाहीत. शब्द किती जिव्हाळ्याचा झाला यावरही ते अवलंबून असतात. गिरणी ही वस्तू होती, गिरणगाव ही वस्ती होती.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले. तेव्हा ते चौदा होते, १९७२ साली आणखी चारांची भर पडून अठरा झाले. त्यांत समासाचा विचार आहे, पण तो मुख्यतः तत्सम शब्दांपुरता. कवी, बुद्धी हे शब्द सुटे असताना दीर्घान्त लिहावयाचे आणि कविराज, बुद्धिवैभव या समासांत ऱ्हस्वान्त. विद्यार्थी दीर्घ, विद्यार्थिमंडळ ऱ्हस्व. हा भेद संस्कृतातील मूळ रूपावर आधारलेला आहे. उच्चारात तो सहसा पाळला जात नाही. जेथे मराठीचा स्वतःचा उच्चार खरोखर बदलतो, त्या दूधभात-दुधभात यांसारख्या जोड्यांत मात्र दोन्ही रूपे छापलेली आढळतात. समासाचा सांधा संस्कृतासाठी काळजीने जपला गेला आणि मराठीसाठी सैल सोडला गेला.

४

सांध्याकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत कधीकधी गावाच्या नावालाही द्यावी लागते. ‘सोलापूर’ या नावाची सर्वश्रुत व्युत्पत्ती ‘सोळा गावांचे पूर’ अशी आहे. ती कानाला पटते, कारण सो-ला-पूर अशा तीन अक्षरांत पहिली दोन संख्यावाचकासारखी वाटतात. तथापि शिलालेखांचा पुरावा निराळा आहे. बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वरांच्या काळात, या गावाचे नाव सोन्नलगे किंवा सोन्नलिगे होते, आणि यादवकाळापर्यंत ते चालले. यादवांच्या पाडावानंतरच्या, मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडलेल्या शके १२३८ च्या संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’ असे रूप आहे. सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’, तर तेथील विहिरीवरील लेखात ‘संदलपूर’ असे उल्लेख आहेत. गावाच्या मूळ नावात ‘पूर’ नव्हतेच. ते मागाहून जोडले गेले. म्हणूनच कुंभकारमधील ‘क’ जसा विरला तसा येथे ‘प’ विरला नाही.

ध्वनिपरिवर्तनाचा पुरावाही ‘सोळा’च्या विरोधात जातो. ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीविषयक ग्रंथाने (१९१४ साली सिद्ध, १९२० साली प्रकाशित) प्रस्थापित केलेल्या नियमांपैकी एक असा की, दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो आणि द्वित्त ‘ल्ल’चा ‘ल’ होतो. संस्कृत ‘काल’ म्हणजे समय. त्याचा मराठीत ‘काळ’ झाला. ‘कल्य’चा प्राकृतात ‘कल्ल’ आणि मराठीत ‘काल’, म्हणजे गेलेला दिवस. फलाचे फळ, पण बिल्वाचा बेल. ‘षोडश’पासून प्राकृतद्वारा आलेली संख्या मराठीत ‘सोळा’ आहे. तिच्यात ‘ळ’ आहे. गावाच्या नावात ‘ल’ आहे. सोळा गावांवरून मराठी भाषकांनी नाव ठेवले असते तर ते ‘सोळापूर’ व्हावयास हवे होते.

येथे एक आक्षेप संभवतो. बहमनी व आदिलशाही अमलात दखनीचा वावर या भागात होता, दखनीत सोळाला ‘सोला’ म्हणतात, आणि फारसी लिपीत ‘ळ’ नाही. हा आक्षेप खरा आहे. केवळ ‘ल’वरून निकाल देता येणार नाही. परंतु कानडी रूप पाहिले की चित्र बदलते. कानडी भाषक या गावाला ‘सोल्लापुर’ म्हणतात. पहिला ‘सो’ ऱ्हस्व आणि ‘ल’ द्वित्त. कानडीत सोळाला ‘हदिनारु’ म्हणतात, तेव्हा त्या रूपाचा संख्येशी संबंध जोडता येत नाही. ‘सोन्नल’मधील मधला ‘अ’ समासाच्या पूर्वपदात निभृत झाला की ‘न’ आणि ‘ल’ शेजारी येतात आणि ‘न’ पुढील ‘ल’शी समरूप होऊन ‘ल्ल’ होतो. कानडीने ते द्वित्त राखले. मराठीत ते एकेरी होऊन ‘सो’ दीर्घ राहिला. मधला ‘आ’ विजापूर, कोल्हापूर, तुळजापूर या शेजारच्या नावांच्या वळणावर आला असण्याचा संभव आहे. त्या ‘आ’ने सांधा पुढे सरकला. जे सोनल्-पूर होते ते सोला-पूर असे ऐकू येऊ लागले आणि लोकव्युत्पत्तीला जागा मिळाली. शिलालेखांतील रूपे, ‘ल’ आणि कानडी द्वित्त हे तीन पुरावे एकाच दिशेने जातात. इंग्रजी अमलात याच नावाचे ‘शोलापूर’ झाले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा विसावा खंड १८८४ साली याच नावाने निघाला.

लोकव्युत्पत्तीला तुच्छ मानण्याचे कारण नाही. भाषक जेव्हा बुजलेला सांधा पुन्हा उघडू पाहतो तेव्हा त्याला जे पद ओळखीचे वाटते ते तो तेथे बसवतो. मात्र या प्रकरणात त्या पदाने एक इतिहास झाकला. ‘सोन्नलिगे’ हे नाव वचनसाहित्याच्या परंपरेत सिद्धरामेश्वरांच्या नावाशी जोडलेले आहे. ‘सोळा गावे’ म्हटले की गावाचे मूळ कानडी नाव नजरेआड होते आणि सरहद्दीवरील एका बहुभाषिक शहराच्या नावातून त्याची एक भाषा वजा होते.

५

साहित्यविचारात या प्रश्नाचे स्थान छंदाच्या चर्चेत आहे. वृत्तबद्ध मराठी काव्याने संस्कृतचा हिशेब स्वीकारला आणि प्रत्येक लेखनाक्षर पूर्ण उच्चारलेले मानले. ‘नवरा’ हा शब्द बोलण्यात नव्-रा असा दोन अक्षरी आहे. वृत्तात तो न-व-रा, लघु-लघु-गुरू. पंडित कवींच्या यमकाचा सारा खेळ या पूर्णोच्चारावर उभा आहे. ‘नवरा’ आणि ‘न वरा’ ही अक्षरे कागदावर सारखी असली, तरी बोलण्यात त्यांचे विभाग वेगळे पडतात. आर्येच्या पठणात प्रत्येक ‘अ’ पूर्ण म्हटला जात असल्यामुळे सांधा पुसला जातो आणि म्हणूनच एक अक्षरपंक्ती दोन प्रकारे तोडता येते. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) यमकांना कृत्रिम ठरवताना टीकाकारांनी शब्दयोजनेकडे बोट दाखवले. त्या कृत्रिमतेचे खरे मूळ बोलीच्या अक्षरविभागापासून फारकत घेतलेल्या पठणरीतीत आहे. ते यमक श्रोत्यासाठी जेवढे आहे तेवढेच लिपीसाठी आहे.

सोलापूरचा शाहीर रामजोशी या ठिकाणी महत्त्वाचा ठरतो. त्याच्यावर मोरोपंतांचा प्रभाव परंपरेने मानला आहे. संस्कृतप्रचुर पदावली आणि यमकांची रास त्याच्याही लावणीत आहे, आणि मराठीबरोबर कानडीचाही वापर त्याने केला. मात्र लावणी तालावर चालते. तालात अक्षराचे वजन ठेक्याने ठरते, आणि गायकाला निभृत ‘अ’ पुन्हा जागा करण्याची वा गिळण्याची मोकळीक असते. शिवाय कानडीतील देशी शब्द स्वरान्त असतात. तेथे अंत्य स्वर गिळण्याची सवयच नाही. ज्या शहरात मराठी, कानडी आणि तेलुगू एकत्र नांदल्या तेथील कवीच्या कानावर अक्षरविभागाचे किमान दोन संकेत रोज पडत होते. त्याच्या रचनेचा या अंगाने अभ्यास होणे अगत्याचे आहे.

माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) वृत्त, जाती आणि छंद असा भेद करून छंदाचा लगत्वनिरपेक्ष, अक्षरसंख्येवर आधारलेला हिशेब स्पष्ट केला. परंतु तेथेही मोजले जाते ते लेखनाक्षरच. अनिलांच्या ‘भग्नमूर्ती’पासून (१९४०) मुक्तछंद स्थिरावला आणि पठणातील आघाताची चर्चा सुरू झाली, ती वाक्याच्या आघाताची होती. शब्दाच्या आतील सांध्यापर्यंत ती क्वचितच पोचली.

ऐतिहासिक भाषाशास्त्रात याच सुमारास आघाताचा वाद गाजला होता. राल्फ टर्नर यांनी १९१६ साली असा पक्ष मांडला की वैदिक स्वराच्या स्थानाचा ठसा मराठी शब्दांच्या रूपावर उरला आहे. ब्लॉक यांचा कल मात्र शब्दाची घडण अक्षरांच्या ऱ्हस्वदीर्घ लयीने समजावून घेण्याकडे होता. हा वाद मुख्यतः सुट्या शब्दांच्या वंशावळीवर लढला गेला. जिवंत मराठी समासांत पूर्वपद हलके का होते, हा प्रश्न त्याच्या कक्षेत असूनही पुढे आला नाही. अशोक केळकर यांच्या १९५८ सालच्या कॉर्नेल विद्यापीठातील प्रबंधानंतर मराठीच्या वर्णव्यवस्थेचे आधुनिक वर्णन उपलब्ध झाले. साहित्यसमीक्षेने मात्र त्याचा छंदविचारासाठी पुरेसा उपयोग करून घेतला नाही.

६

या उपेक्षेचे एक कारण लिपीच्या इतिहासात आहे. मोडीत शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत. शब्दांत अंतर सोडण्याची रीत नव्हती आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही नव्हता. मोडी वाचणारा प्रत्येक ओळीत सांधा स्वतः शोधत असे. त्याचा कान हेच त्याचे व्याकरण होते. बाळबोध मुद्रणाने शब्द वेगळे केले, ऱ्हस्वदीर्घ ठरवून दिले आणि वाचकाचे श्रम वाचवले. त्याबरोबर शब्द म्हणजे छापलेला शब्द, अक्षर म्हणजे छापलेले अक्षर, ही समजूत दृढ झाली.

आता संगणकाकडून मराठी मजकूर वाचवून घेतला जातो, तेव्हा तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. समासाचा सांधा यंत्राला ठाऊक नसेल तर ‘पाणवठा’ हा ‘आठवणी’च्या चालीवर वाचला जाण्याचा धोका असतो. मराठी ज्यांची घरची भाषा नाही अशा विद्यार्थ्याचीही हीच अडचण आहे. सोलापूरसारख्या शहरात कानडी वा तेलुगू भाषक मुलाला प्रत्येक ‘अ’ उच्चारण्याची सवय असते, आणि त्याच्या वाचनाला अशुद्ध म्हणणाऱ्या पाठ्यपुस्तकात निभृत अकाराचा आणि सांध्याचा नियम सहसा सांगितलेला नसतो. जे सांगितलेच नाही त्याच्या चुकीसाठी गुण कापले जातात.

समासाचा विग्रह अर्थाने करावयाचा ही परंपरा सोडण्याचे कारण नाही. तिच्या जोडीला उच्चाराचा विग्रह हवा. कोशात सामासिक शब्दाचा सांधा चिन्हाने दाखवणे, मुद्रणात तो राखून ओळ तोडणे, दूधभातसारख्या देशी समासांतील ऱ्हस्वदीर्घाचा निर्णय उच्चार तपासून करणे, आणि स्थलनामांच्या व्युत्पत्तीत शेजारच्या भाषेतील रूप ऐकल्याशिवाय निष्कर्ष न काढणे, एवढ्या चार गोष्टी साधल्या तरी दादोबांपासून मागे पडलेल्या या प्रश्नाला मराठीत स्वतःची जागा मिळेल.